खोली सोडू नकोस

प्रिय बाय,

अनेक आशीर्वाद.

तुझ्या पटकथेची नवी आवृत्ती काल रात्री वाचून संपवली. पहिल्याच पानावर पणजीचा मिरामार किनारा, थोरला भाऊ एकटा सिगरेट ओढतोय. चौथ्या पानावर पर्वरीतलं बिल्डरचं ऑफिस. पुढे खाण, मग लहानपण, शेत, आईची पाठमोरी आकृती. मधली खोली, जिथे बाप गेल्यावर तीन भावंडं घराच्या वाटणीवरून भांडतात आणि जिथे तुमचं सगळं नाटक घडतं, ती यायला विसावं पान उजाडलं, आणि ती आली तेव्हा तिच्यात घडायचं काही उरलंच नव्हतं. सगळं तू आधीच बाहेर उरकून टाकलं होतंस.

सोबत तू लिहिलंयस, ‘भाई, सगळे म्हणतात हे नाटक वाटतं, सिनेमा वाटत नाही. मला आता काहीच कळेनासं झालंय.’ फोन केला असता, पण मी चिडलो असतो आणि तू ‘हो हो’ म्हणत राहिली असतीस. म्हणून हे पत्र. तुझ्या अंगात काय आहे ते मी लिहीत बसणार नाही. कला अकादमीच्या नाट्यस्पर्धेत त्या नाटकाचा तुझा प्रयोग मी पाहिलाय, तेवढं पुरे. सांगायचं आहे ते एकच, आणि ते मी इथे पुन्हा पुन्हा सांगणार आहे: खोली सोडू नकोस.

ज्यांनी तुला ‘नाटक बाहेर काढ’ असं सांगितलं ते अडाणी नाहीत, हे मला ठाऊक आहे. २००४पासून इफ्फी, भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, पणजीत भरतो. तेव्हापासून दर नोव्हेंबरात तिथे अशी माणसं येतात की ज्यांना भेटायला आमच्या वेळी मुंबईत महिनोन्महिने ताटकळत बसावं लागे. डिचोली तालुक्यातली एक मुलगी त्यांच्यासमोर टेबलाला बसून आपली गोष्ट सांगते याचं मला अप्रूपच आहे. पण ती माणसं दिवसाला ढीगभर गोष्टी ऐकतात. नाटकावरून सिनेमा म्हटलं की त्यांचं उत्तर तयार असतं, आणि गोव्यात घडतो म्हटलं की त्यांच्या डोळ्यांसमोर समुद्र येतो. तुझ्या नाटकातल्या घरापासून समुद्र बसने तासाभरावर आहे. बाप गेल्याच्या बाराव्या दिवशी त्या घरातलं कोण मिरामारला जाऊन सिगरेट ओढणार आहे? थोरल्याला ओढायची असेल तर तो मागच्या दारी, माडाला टेकून ओढेल, आणि त्याचा वास आत बहिणीला येईल. वास आला की ती काय करते ते दाखव.

मुळात ही गोष्ट एका खोलीत का घडते? लेखकाला नेपथ्याचा खर्च वाचवायचा होता म्हणून नव्हे. आपल्याकडच्या, म्हणजे गोव्यातल्या कायद्यामुळे घडते. १८६७ची पोर्तुगीज नागरी संहिता आपल्याकडे लागू झाली, राज्य गेलं तरी तिचे वारसाचे नियम राहिले, आणि पुढे आपल्या विधानसभेने केलेल्या कायद्यातही तेच मूळ धरून ठेवलं. बापाला आपल्या मिळकतीपैकी अर्ध्या भागाचंच मृत्युपत्र मनासारखं करता येतं, उरलेला अर्धा मुलांचा. मुलीचा वाटा मुलाइतकाच. आणि लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवराबायको अर्ध्याअर्ध्याचे मालक, त्यामुळे घर विकायचं तर सुनांच्या आणि जावयाच्याही सह्या हव्यात. एक सही अडली की व्यवहार अडला. मग कोर्टात इन्व्हेंटरी, म्हणजे वाटणीचा खटला, आणि ती किती वर्षं चालते ते तुला मी सांगायला नको, तुमच्याच वाड्यावर दोन घरं तशी कुलपात आहेत.

दुसऱ्या कुठल्या गावातल्या नाटकात चिडलेला भाऊ दार आपटून निघून जाईल. तुझ्या नाटकातला धाकटा उंबऱ्यापर्यंत जातो आणि मागे फिरतो, कारण सही राहिली आहे. जावई, ज्याला या घराशी काही देणंघेणं नाही, तोही बसून आहे, कारण त्याचीही सही लागते. ती खोली कायद्याने बंद केलेली आहे. कडी न लावता बंद. आणि तू काय केलंस? एकेकाला उठवून बाहेर पाठवलंस. कुणी किनाऱ्यावर, कुणी ऑफिसात, कुणी आठवणीत. बाहेर जाता येतंय हे एकदा दिसलं की प्रेक्षक म्हणणार, मग जा की. भांडता कशाला?

तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ तू वाचलंयस. १९६७ साली ते रंगमंचावर आलं. सुरुवातीलाच बेणारेबाईंचं बोट दाराच्या कडीत चेमटतं, सगळं हसण्यावारी जातं. आणि पुढे त्या जेव्हा खरोखर बाहेर पडायला धावतात तेव्हा दार उघडत नाही. तेंडुलकरांनी ती कडी पहिल्या काही मिनिटांतच दाखवून ठेवली होती. दार ही त्या नाटकातली सर्वांत मोठी गोष्ट आहे. १९७१ साली सत्यदेव दुबेंनी त्याचा सिनेमा केला, कॅमेरा गोविंद निहलानींचा. पुढे १९८४ साली याच निहलानींनी एलकुंचवारांच्या ‘पार्टी’वर सिनेमा केला: एक संध्याकाळ, एक घर, घरभर माणसं. नाटकावरून सिनेमा करताना घर सोडावंच लागतं असं त्यांना वाटलं नाही.

मला कुणी ना कुणी लगेच ‘कट्यार’चं नाव ऐकवतं. दारव्हेकरांचं १९६७चं नाटक, २०१५ साली सुबोध भावेंनी त्याचा केवढा देखणा सिनेमा केला, वाडे काय, दरबार काय. मान्य. पण त्या नाटकात संस्थान आहे, दरबार आहे, दोन घराण्यांची गायकी आहे. तिथे बाहेर होतं, रंगमंचावर मावत नव्हतं इतकंच. तुझ्या नाटकात बाहेर नाहीच. तू ते नव्याने तयार करते आहेस, आणि तेही कुणी तरी मागितलं म्हणून.

आता कामाचं बोलतो.

दुसऱ्या अंकातला तो प्रवेश घे. धाकटा म्हापशाहून येतो आणि सांगतो की थोरल्याने सगळ्यांच्या नकळत बिल्डरकडून पैसे उचलले आहेत. प्रयोगात बहीण स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी विळीवर नारळ खवत बसली होती, पाठ आमच्याकडे. धाकट्याने ते वाक्य टाकलं आणि तिचा हात थांबला. मी पुढच्या रांगेत होतो म्हणून मला कळलं. मागे बसलेल्यांना काहीच कळलं नसणार, त्यांनी धाकट्याच्या आवाजावर टाळ्या दिल्या. कॅमेरा कशासाठी आणतेस? त्या हातासाठी आण. खवण्याचा खर्र खर्र आवाज प्रवेशाच्या सुरुवातीपासून चालू असू दे, इतका की तो चालू आहे हे प्रेक्षक विसरतील. मग तो थांबू दे. खोबऱ्याचा कीस ताटलीच्या काठावर साचलेला, वाटी तिच्या मुठीत तशीच धरलेली. धाकटा बोलतोय, तो फ्रेममध्ये नसला तरी चालेल. काही क्षणांनी ती पुन्हा खवायला लागते, आधीपेक्षा जोरात, आणि वाटीचं करवंट लागेपर्यंत खवत राहते.

याच्या जागी तू पर्वरीचं ऑफिस लिहिलंयस. काचेचं टेबल, एसी, बिल्डर, पैशांचं पाकीट. असं ऑफिस मी हजार वेळा पाहिलंय आणि तूही पाहिलंयस. बातमी घडताना दाखवण्यापेक्षा ती कुणाच्या कानावर कशी पडते हे दाखवणं नाटकाला पूर्वापार येतं. नाटकाची ती मजबुरी होती हे खरं, पण सिनेमाच्या हातात पडल्यावर तीच मोठी ताकद होते, कारण ऐकणाऱ्याच्या इतक्या जवळ जाणं नाटकाला कधीच जमलं नाही. सांगणारा राहू दे. कॅमेरा ऐकणाऱ्यावर ठेव. खोली सोडू नकोस.

तुझी दुसरी भीती अशी की एकाच खोलीत दीड तास म्हणजे कंटाळा येईल, सगळे शॉट सारखेच दिसतील. ही भीती खरी आहे आणि तिच्यावर मेहनत घ्यावी लागते. सिडनी ल्यूमेटचा १९५७चा ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’ मुळात १९५४चं टेलिव्हिजनवरचं नाटक. जवळजवळ सगळा सिनेमा ज्यूरीच्या एका खोलीत. बासू चटर्जींनी १९८६ साली ‘एक रुका हुआ फैसला’ म्हणून तो हिंदीत आणला तेव्हाही खोली सोडली नाही. ल्यूमेटने आधी आराखडा ठरवला होता: सिनेमाच्या पहिल्या तिसऱ्या हिश्श्यात कॅमेरा डोळ्यांच्या पातळीच्या वर, मधल्या हिश्श्यात डोळ्यांच्या समोर, शेवटच्यात खालून, म्हणजे छत दिसायला लागतं. लेन्सही हळूहळू लांब फोकल लेंग्थच्या होत गेल्या, त्यामुळे मागच्या भिंती माणसांना येऊन भिडल्यासारख्या वाटतात. प्रेक्षकाला यातलं काही कळत नाही, फक्त गुदमरायला होतं.

हे जसंच्या तसं उचलू नकोस. तुझ्या घरात ते चालणारही नाही. आपल्या जुन्या घरांना सपाट छत कुठे आहे? खालून कॅमेरा लावलास तर वासे, कौलं आणि माळ्यावरचा काळोख दिसेल, खोली आकुंचन पावण्याऐवजी उंच होईल. तुझ्या खोलीला लहान करणारी गोष्ट वेगळी आहे आणि ती संहितेतच आहे. वाटण्या. प्रयोगात तुम्ही दोन समया आणि एक हंडा ठेवून भागवलंत. सिनेमात माळा खरोखर रिकामा कर. तपेली, घागरी, परातीएवढी ताटं, पाट, समया, उत्सवात काढायची मोठी पातेली, आजीचं चंदनाचं खोड आणि सहाण, एकेक खाली येऊ दे आणि जमिनीवर तीन ढीग लागू दे. पहिल्या अंकात माणसं त्या खोलीत मोकळी फिरतात. शेवटाकडे येईपर्यंत त्यांना पाय ठेवायला जागा नको. थोरल्याला उठून बहिणीपर्यंत जायचं आहे आणि मध्ये वडलांची भांडी आहेत, हे प्रेक्षकाला समजावून सांगावं लागणार नाही. वस्तू भाड्याच्या आणू नकोस. गावात माग, देतील. फक्त कुणाचं काय ते वहीत लिहून ठेव, नाहीतर तुझ्या सिनेमापायी खरीच भांडणं लागतील.

बाहेरचं जग आत आणायचं असेल तर कानाने आण. सकाळ-संध्याकाळ पोदेराचा, पाववाल्याचा भोंपू. देवळातलं भजन. आणि ट्रक. थोरल्याला पैशांची निकड का, हे सांगायला तू खाणीवरचा मोठा प्रसंग लिहिलायस, धूळ, बार्ज, रांगेतले ट्रक. बाये, ते चित्रित करायला तुझ्याकडे पैसे नाहीत हा मुद्दा सोड. त्याची गरजच नाही. २०१२ साली खाणी थांबल्या, पुन्हा चालू झाल्या, २०१८ साली पुन्हा थांबल्या, हे त्या भागातलं शेंबडं पोरही जाणतं. कर्ज काढून घेतलेला ट्रक अंगणात गंजत उभा राहिला म्हणजे घराचं काय होतं हेही जाणतं. आता कुठे कुठे परत माल हलायला लागलाय. तुझ्या खोलीबाहेरून एकदाच, फक्त एकदा, भरलेला ट्रक जाऊ दे. कपाटाच्या काचा थरथरतील. सगळे बोलत राहतील, थोरला तेवढा मान वर करेल. त्याची बायको त्याच्याकडे बघेल. संपलं. तुझी सहा पानं लिहायची वाचली.

आवाजासाठी चांगला माणूस घे, कॅमेऱ्यावर कमी खर्च झाला तरी चालेल. चिऱ्याच्या गिलावा केलेल्या भिंती आवाज परत फेकतात आणि कौलांतून बाहेरचं सगळं आत येतं. जमिनीवर, कॅमेऱ्यात न दिसेल अशा जागी, गोधड्या अंथर. पंखा बंद, फ्रिज बंद. फ्रिज बंद केलास की गाडीची किल्ली फ्रिजमध्येच ठेव, म्हणजे घरी जाताना तो चालू करायची आठवण राहील. हा साउंडवाल्यांचा जुना शिरस्ता आहे. आणि प्रत्येक मांडणीनंतर सगळ्यांना गप्प उभं करून त्या खोलीची नुसती शांतता मिनिटभर रेकॉर्ड करून घे. एडिटिंगला बसशील तेव्हा दोन वाक्यांच्या मध्ये भरायला दुसरं काही नसतं. माझी उमेदीची सगळी वर्षं या कामात गेली आहेत, हे तरी माझं डोळे मिटून ऐक.

नटांना ‘कमी कर, सिनेमा आहे’ असं म्हणू नकोस. आपले स्पर्धेतले नट शेवटच्या रांगेशी बोलायला शिकलेले असतात आणि त्यात कमीपणा काही नाही, देवळापुढच्या मांडवात माईक बंद पडल्यावरही ज्यांचा आवाज पोचतो ती ही माणसं. त्यांना त्या खऱ्या घरात ने, दोन हातांवर एकमेकांसमोर बसव आणि तालीम घे. अंतर बदललं की आवाज आपोआप बदलतो. संवाद मात्र निर्दयपणे काप. ‘अगं, ही बाबांची काठी’ असं रंगमंचावर म्हणावं लागतं, कारण मागच्याला काठी दिसत नाही. इथे दिसते. लेखकाला वाईट वाटेल, वाटू दे. संवाद गेले तर चालेल, खोली जाता कामा नये.

आणि खोली न सोडण्याचा सर्वांत मोठा फायदा तुला कुणी सांगितलाच नाही याचं मला नवल वाटतं. एकच जागा असेल तर गोष्ट ज्या क्रमाने घडते त्याच क्रमाने शूट करता येते. मोठ्यांनाही हे परवडत नाही. तुझ्या नाटकात बहीण करणारी शाळेत शिकवते, थोरला करणारा वीज खात्यात आहे, त्यांच्या रजा मोजक्या. रोज नवीन जागी सामान हलवण्यात अर्धा दिवस जातो, तो तुझा वाचेल. आणि शेवटच्या प्रवेशाला ते येतील तेव्हा ते भांडण खरोखर त्यांच्या अंगावरून गेलेलं असेल. तो थकवा अभिनयाने आणता येत नाही.

भाषेबद्दलही तू विचारलंयस. तो वाद मी इथे काढत नाही. नाटक मराठीत लिहिलंय, मराठीत कर. बोलण्याला आपल्याकडचा हेल आहे तो राहू दे, पुण्याची मराठी करायला कुणाला बोलावू नकोस.

आता थोडं माझं. तुला अर्धवट माहीत आहे, गावात लोक बोलतात तेवढं.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मीही एका नाटकावरून सिनेमा करायला निघालो होतो. उत्सवाची रात्र, देवळामागचा रंगपट, म्हणजे नट रंगतात ती खोली, नाटक सुरू व्हायच्या आधीचे दोन तास. पात्रं चार. रंगवण्याच्या पेटीसमोर बसलेला म्हातारा नट मध्यभागी. ते काम करणारे गृहस्थ आमच्याच भागातले, दिवसा दुकान सांभाळायचे. शेवटच्या वाक्याआधी ते थांबायचे. टोप हातात घेऊन, आरशात न बघता. किती वेळ थांबायचं हे त्यांनी कधी ठरवलं नाही, आणि एकाही प्रयोगात ते चुकलेलं मी पाहिलं नाही. मला सिनेमा करायचा होता तो त्या थांबण्यासाठी.

पैसे घालायला एक जण तयार झाला. त्याला नाटक आवडलं होतं, खोटं कशाला बोलू. फक्त म्हणाला, गोवा दिसायला हवा. म्हाताऱ्याच्या तरुणपणाची दोन गाणी घ्या, एक किनाऱ्यावर, एक चर्चसमोर. रंगपट अर्ध्या तासात आटपा. मी कागदावर सही केली नाही. सगळ्यांनी समजावलं. आधी सिनेमा तर होऊ दे, म्हणाले, पुढचा तुला हवा तसा कर. मी अडून बसलो.

तो सिनेमा झाला नाही. तेव्हा आतासारखं नव्हतं, बाये. सोळा मिलिमीटरच्या निगेटिव्हचा ४०० फुटांचा डबा घेतला तर त्यात जेमतेम ११ मिनिटं मावत, आणि तो धुवायला मुंबईच्या लॅबला पाठवायचा, तिथलं बिल आधी भरायचं. पैशांवाचून एक प्रवेशही हाती लागण्यासारखा नव्हता. ते गृहस्थ पुढे गेले. त्यांचं ते थांबणं कुठेही नोंदलं गेलेलं नाही. ज्यांनी पाहिलं त्यांच्यातले आता थोडे उरलेत, आणि मी सांगायला गेलो तर माझ्याने ते सांगवत नाही. उत्सवाच्या रात्री देवळामागून जाताना अजून मी पाय उचलून पुढे निघतो.

तरी सांगतो, तो कागद आज समोर आला तर आजही सही करणार नाही. त्या पैशांत जे झालं असतं त्यात दोन गाणी असती, चर्च असतं, माझं नाव असतं. ते थांबणं नसतं. अर्ध्या तासात आटपलेल्या रंगपटात तो माणूस थांबलाच नसता, थांबायला त्याच्या आधी दीड तास त्या खोलीत असावं लागतं. तेव्हा मी काहीतरी घालवलं असं जे म्हणतात त्यांना मी विचारतो, सही करून काय मिळवलं असतं? तुला वाटेल, भाई स्वतःची बाजू मांडत बसले. हो, मांडतोय. तीस वर्षं मांडतोय, आणि तुझी आवृत्ती वाचताना मला पुन्हा तो माणूस समोर बसून ‘गोवा दिसायला हवा’ म्हणताना ऐकू आला, म्हणून इतकं लिहिलं. या वेळी तो तुझ्या समोर बसला आहे. आणि तुझ्याकडे ते आहे जे माझ्याकडे नव्हतं: उसना कॅमेरा, हार्ड डिस्क, आणि लागेल तेवढे टेक. तुला कुणाच्या सहीची वाट बघायची गरज नाही.

एकाची सोडून. लेखकाची. तू लिहितेस, ‘गुरुजींनी तोंडी हो म्हटलंय, ते घरच्यासारखेच आहेत.’ हे वाचून माझा संताप झाला. घराच्या सह्यांवर नाटक करतेस आणि नाटकाचा कागद करत नाहीस? स्पर्धेत प्रयोग करायची परवानगी वेगळी आणि सिनेमाचे हक्क वेगळे. १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्क दिले असं ठरायला लेखी कागद आणि त्यावर देणाऱ्याची सही लागते. मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षंच धरली जाते. कागदात वेगळं काही म्हटलं नसेल तर एका वर्षात ते हक्क वापरले नाहीत म्हणून ते परत त्यांच्याकडे जातात, आणि तुझा सिनेमा एका वर्षात होणार नाही, हे तुलाही माहीत आहे. म्हणून मुदत लिही, किती काळात शूट सुरू करणार ते लिही, ओटीटी, टीव्ही, सगळं लिही. लेखकाचा हक्क त्याच्या हयातीनंतरही ६० वर्षं चालतो. उद्या गुरुजींच्या मुलांशी तुला बोलावं लागेल, आणि ती काय म्हणतील हे आज गुरुजीही सांगू शकणार नाहीत. पैसे द्यायचे. थोडे असले तरी द्यायचे, आणि त्यांनी ‘नको’ म्हटलं तरी द्यायचे.

वकील नसेल तर माझ्या ओळखीचे एक आहेत, मसुदा बघून देतील.

नवी आवृत्ती एवढ्यात पाठवू नकोस. आधी त्या कागदाची प्रत पाठव. मग मूळ संहिता घेऊन बस, किनारा, ऑफिस, खाण आणि लहानपण काढून टाक, आणि जिथे जिथे कुणी काही सांगतं तिथे समासात लिही की ऐकणारा त्या वेळी हाताने काय करतोय. एवढंच काम आहे, पण ते आठ दिवसांचं नाही.

शूटिंग पावसाळ्यात लावू नकोस, कौलांवर पाऊस लागला की एक वाक्य धड मिळणार नाही. पावसाचा आवाज हवा तर तो जुलैत वेगळा रेकॉर्ड करून ठेव. दिवाळीनंतर शूट. तालमी मात्र मे महिन्यात, त्याच घरात, पंखा बंद करून. घामाने सगळे वैतागतील, तो वैतागही नाटकातलाच आहे. मी येईन. दुपारच्या जेवणानंतर मला तासभर आडवं व्हावं लागतं, तेवढी सोय बघ. त्या घराची किल्ली सध्या कुणाकडे आहे ते विचारून ठेव आणि तारखा कळव.

तुझा,
भाई